एका हाकेचं भाषांतर

या आठवड्यात माझं बिनसलं ते सबटायटल्सशी. शनिवारी रात्री ओटा आवरून झाला की टेबलावर टॅब उभा करायचा आणि बँकॉक, तैपेई, टोकियो असं कुठेतरी जाऊन यायचं, हा माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. या शनिवारी ‘सोटस’ चौथ्यांदा बघायला घेतली. नेहमीच्या ठिकाणी ती सापडेना, म्हणून दुसऱ्या एका ॲपवर लावली. कोंगफोप ‘फी आथित’ अशी हाक मारतो आणि खाली अक्षरं उमटतात, ‘आथित’. नुसतं ‘आथित’. पुढच्या प्रसंगात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. अर्ध्या तासात मी टॅब बंद केला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘सोटस’ ही 2016 ची थाई मालिका. दोन मुलांच्या प्रेमाच्या ज्या मालिकांना जगभर ‘बॉइज लव्ह’ किंवा ‘बीएल’ म्हणतात, त्यांतली सुरुवातीची आणि महत्त्वाची. आथित तिसऱ्या वर्षाला, इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांना शिस्त लावणाऱ्या सीनियर मुलांचा म्होरक्या. कोंगफोप पहिल्या वर्षाला, आणि सगळे मान खाली घालून उभे असताना प्रश्न विचारणारा. क्रिस्ट आणि सिंग्टो या दोघांनी ती कामं केली. पुढे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ‘टुगेदर’ ही अशीच थाई मालिका यूट्यूबवर आली आणि हे वेड घराघरांत पोचलं. माझ्या घरात ते त्याआधीच येऊन बसलं होतं.

आता त्या ‘फी’कडे येते. यातला ‘फ’ फणसातला, फॅनमधला नव्हे. ‘फी’ म्हणजे वडील भावंड, दादा किंवा ताई. ‘नाँग’ म्हणजे धाकटं भावंड. थायलंडमध्ये वयानं थोड्या मोठ्या कुणालाही, चहावाल्यापासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत, ‘फी’ म्हणतात. आणि वयानं मोठ्या प्रियकराला, नवऱ्यालाही ‘फी’च म्हणतात. कॉलेजात नव्या मुलांचं जे रॅगिंग चालतं त्याचं नाव ‘रप नाँग’, म्हणजे धाकट्यांचं स्वागत. कोंगफोप सगळ्यांसमोर आथितशी वाद घालतो तेव्हाही ‘फी’ म्हणतो. पुढे चाओफ्राया नदीवरच्या पुलावर दोघं एकमेकांचे होतात, तेव्हाही त्याच्या तोंडी ‘फी’च असतं. शब्द तोच राहतो, म्हणणारा आवाज बदलत जातो. आधी त्यात शिस्त असते, मग आव्हान, मग काळजी, आणि शेवटी सगळा जीव. ती अख्खी मालिका त्या एका अक्षराच्या आत घडते. आणि त्या भाषांतरकारानं नेमकं तेच अक्षर गाळलं.

उलट बाजूनंही बघा. सुरुवातीला आथित कोंगफोपला नावानं हाक मारत नाही. ‘0062’ म्हणतो, म्हणजे त्याचा कॉलेजचा नंबर. तो नंबर जाऊन ओठांवर नाव यायला जो वेळ लागतो, तेच त्याचं प्रेमात पडणं. यात प्रेमाचे संवाद कुठेच नाहीत असं कुणाला वाटलं, तर त्यानं फक्त हाका मोजाव्यात.

थाई भाषेत ‘तू’ला इतके पर्याय आहेत की बघता बघता माझी वही भरली. मित्रांमध्ये ‘कू’ आणि ‘मूंग’ चालतं, म्हणजे आपली कट्ट्यावरची बोली, परक्या माणसाला ऐकवली तर भांडणच. सभ्यपणे बोलायचं तर ‘खुन’. हा ‘खुन’ म्हणजे आपला ‘गुण’! संस्कृतातून, पालीतून तिकडे गेला आणि समोरच्याला आदरानं हाक मारायचा शब्द झाला. समोरच्या माणसाला ‘गुण’ म्हणणारी भाषा, किती सुंदर आहे हे! शिक्षकाला ते ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’. आणि ‘आथित’? थाई लिपीत त्याच्या नावाची अक्षरं लावून पाहिली तर निघतं ‘आदित्य’. हे कळलं त्या दिवशी मी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, की अगं, हा मुलगा आपलाच निघाला.

ही हाकांची किमया फक्त थाई मालिकांत नाही. 2019 ची चिनी ‘द अनटेम्ड’ घ्या. मूळ कादंबरीत दोन पुरुषांचं उघड प्रेम आहे. चीनच्या पडद्यावर ते दाखवता येत नाही. पन्नास भागांत त्या दोघांमध्ये प्रेमाचा एक शब्द नाही. पण जुन्या चीनमध्ये माणसाला दोन नावं असत, एक जन्माचं, घरातलं, आणि एक मोठेपणी मिळालेलं, जगानं वापरायचं. सगळं जग ज्याला लान वांगजी म्हणतं, त्याला वेई वूशियान एकटाच ‘लान झान’ म्हणतो. आणि इतरांचा हा वेई वूशियान लान वांगजीसाठी ‘वेई यिंग’ असतो. सेन्सॉरनं चुंबन कापलं, कबुली कापली, पण हाक कशी कापणार? पन्नास भाग ते दोघं एकमेकांना घरातल्या नावानं हाक मारत राहतात आणि बघणाऱ्याला सगळं कळतं.

जपानच्या ‘काल काय खाल्लंस?’ या मालिकेतले शिरो आणि केंजी पन्नाशीकडे झुकलेले. शिरो वकील, केंजी केस कापणारा. शिरो वेळेवर ऑफिसातून निघतो, स्वस्त भाजी शोधतो, घरी येऊन नेटकेपणानं रांधतो. केंजी त्याला ‘शिरो-सान’ म्हणतो, म्हणजे शिरोजी, शिरोराव. शिरो त्याला नुसतं ‘केंजी’. वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवूनही केंजीच्या तोंडचा तो ‘सान’ सुटत नाही. समोर वाफाळता भात ठेवलाय आणि हा डोळे मोठे करून ‘शिरो-सान!’ म्हणतो, तेव्हा मला दर वेळी माझी आजी आठवते.

आजीनं आजोबांचं नाव उभ्या आयुष्यात घेतलं नाही. ‘इकडून निरोप आलाय’, ‘स्वारी अजून यायची आहे’ असं ती बोलायची. आजोबांचा उल्लेख दिशेनं व्हायचा. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, चारचौघींनी आग्रह केल्यावर, आणि तेही यमकाच्या आडोशानं. साठ वर्षांच्या संसारानंतरही उखाणा घेताना तिचे कान लाल व्हायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नाव घेणं हाच जिथे शृंगार होता, त्या घरात मी वाढले. म्हणून लोक मला जेव्हा विचारतात, की तुझ्या वयाच्या बाईला त्या पोरांच्या गोष्टींत काय सापडतं, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार असतं. मला तिथे आजी सापडते. मनातलं बोलायची मुभा नसलेली माणसं एका हाकेत सगळं कसं भरतात, ते सापडतं.

पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आजीला मुभा नव्हती, तरी संसार होता, नाव होतं, रेशनकार्ड होतं. या मुलांना तेही नसतं. थायलंडमध्ये मात्र 23 जानेवारी 2025 पासून दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया कायद्यानं लग्न करू शकतात. तिथल्या कायद्यातले ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे शब्द काढून ‘जोडीदार’ असा शब्द घातला गेला. कायदा बदलला म्हणजे आधी हाक बदलली! आपल्याकडे 2018 मध्ये 377 कलमाचा जाच गेला, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा प्रश्न संसदेवर सोपवला आणि तो तिथेच आहे. गेल्या वर्षी ‘साबर बोंडं’ थिएटरात पाहिला. रोहन कानवडेंचा, सनडान्सला पहिलं बक्षीस मिळवून आलेला आपला मराठी सिनेमा. दोन पुरुषांचं प्रेम मी पहिल्यांदा खालची अक्षरं न वाचता ऐकत होते. अंधारात बसून रडले, आणि बाहेर आल्यावर दोन दिवस कुणाशी फारसं बोलले नाही.

तर ते सबटायटल. रविवारी भाची आली. ती भाषांतराची कामं करते. मी तक्रार केली तर म्हणाली, ‘मावशी, रागावण्यापेक्षा आपण मराठीत करून बघू ना.’ पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही वही उघडली. पहिलीच ओळ, ‘फी आथित’. ती म्हणाली, ‘आथितदादा?’ मी मान हलवली. मराठीत एकदा दादा म्हटलं की राखी आली, पुढचं सगळं संपलं. ‘सर’ म्हटलं तर कॉलेज येतं, पण पुलावर त्याचं काय करायचं? ‘आथितराव’ लिहिलं आणि तिनंच खोडलं. पाऊण तास झाला, चहा दोनदा झाला, पान खाडाखोडीनं भरलं. एक अक्षर, पण मराठीत बसेना.

मग ती सहज म्हणाली, ‘मावशी, तुझी आजी काय म्हणायची गं? म्हणजे समोर असताना?’

‘समोर असताना? अहो.’

दोघी गप्प झालो. तिनं वहीत लिहिलं, ‘अहो’. मग पहिला भाग लावला. रांगेत उभी मुलं, पुढे आथित. कोंगफोप बोलायला लागला आणि भाची त्याच्या आवाजावर मराठी वाचत गेली, ‘अहो, मला एक विचारायचंय.’ बसलं. ऑफिसात, रांगेत, कुठल्याही वडीलधाऱ्याला आपण हेच तर म्हणतो. मग तिनं पुलाचा प्रसंग काढला. रात्र, दिवे, मागून जाणाऱ्या गाड्या. तिनं आवाज खाली आणला आणि तेच म्हटलं, ‘अहो.’

मी वहीतल्या त्या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली. पुढच्या रविवारी दुसरा भाग.