ऊब आधी बोटांना

कॅडेट मित्रांनो,

नाताळच्या सुटीत मुलगा तुमच्या शाळेतून कोलकात्याला आमच्याकडे आला. आल्या आल्या त्याची एकच मागणी होती. "बाबा, बॅटरीवर तापणारं जाकीट घेऊ या. सकाळी स्कूटरवर फार गार लागतं." मी पटकन बोलून गेलो, "फौजीच्या पोराला थंडी वाजते?" तो गप्प बसला. मला मात्र स्वतःचीच लाज वाटली, कारण याच तोऱ्यात मी एकदा मोठी चूक केली होती.

जानेवारीचा महिना होता. रेड रोडवर प्रजासत्ताक दिनाच्या परेडची तालीम चालू होती. मला पहाटे फोर्ट विल्यममध्ये पोचायचं होतं. (या किल्ल्याला आता आपल्या कोकणातल्या विजयदुर्गाचं नाव दिलं आहे.) मी हाजरा रोडवरून स्कूटर काढली. अंगात कोट होता, गळ्यात मफलर होता, हात मात्र उघडेच होते. मैदानाजवळच्या धुक्यात बोटं बधिर झाली. समोरची पिवळी टॅक्सी थांबली. ब्रेक दाबायला हवा हे डोक्याला कळलं, पण बोटं वेळेवर वळली नाहीत. माझ्या गुडघ्यावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण मागे बसलेल्या जवानाचं मनगट मोडलं आणि त्याची त्या वर्षीची परेड हुकली. बेफिकिरी माझी होती, शिक्षा त्याला झाली.

आता हिशेब करा. ताशी 40 किलोमीटर वेगात स्कूटर एका सेकंदात 11 मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला, तर साडेपाच मीटर गेले. हे अंतर टॅक्सीच्या लांबीपेक्षा जास्त आहे.

कोलकात्यात कसली आली थंडी, असं नाशिककर म्हणतील. जानेवारीत इथलं किमान तापमान सरासरी 14 अंशांच्या आसपास असतं, ते खरं. पण एखाद्या पहाटे पारा 10 अंशांपर्यंतही उतरतो. अशा हवेत ताशी 40 किलोमीटर वेगाने गेलं, तर उघड्या कातडीला 6 अंशांसारखा गारवा जाणवतो. वारा अंगाजवळची ऊब पळवतो, आणि स्कूटरवर तो वारा आपणच तयार करतो. शरीर आधी छाती-पोटाची उष्णता राखतं, त्यामुळे हातापायांचं रक्त कमी होतं. म्हणून पहिली हार बोटांची होते.

तापणारे कपडे म्हणजे लाड, असं मी आता म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांतल्या गनरना विजेवर तापणारे पोशाख दिले जात, कारण उणे 40 अंशांत गोठलेला हात मशीनगन चालवू शकत नाही. पण सुरुवातीच्या पोशाखांत तार एका जागी तुटली, की सगळा पोशाख थंड पडे. म्हणजे विजेची ऊब ही शेवटची फळी. आधीच्या फळ्या भक्कम हव्यात.

माझं मत असं. कोलकात्यासाठी तापणारं जाकीट नको. त्याला साधारण 70 ते 90 वॅट वीज लागते, आणि लहान स्कूटरची वीज दिवे आणि हॉर्न यांनाच बेताची असते. त्याची स्वतःची बॅटरी असली, तरी तीही काही तासांत उतरते. आधी वारा अडवा. वाऱ्याला दाद न देणारं साधं जाकीट, आत स्वेटर, आणि हातात बोटं सहज वळतील असे मोजे. फार गारठणाऱ्यांनी तापणारे हातमोजे जरूर घ्यावेत, पण ते कमी आचेवर ठेवावेत. बधिर कातडीला चटका कळत नाही.

वेलिंग्टन स्क्वेअरला भुतिया विक्रेत्यांकडे लोकरीचे कपडे मिळतात. तिथली जाड मंकी कॅप चालताना ठीक आहे, हेल्मेटखाली नको. हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा नीट बसत नाही. आणि मफलरची टोकं जाकिटाच्या आत खोचा. उडणारं टोक चाकात गेलं, तर गळ्याशी खेळ आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना अजून अठरा पूर्ण नाहीत. म्हणजे तुमची जागा मागच्या सीटवर. पण तिथूनही एक काम करता येतं. निघण्याआधी वडिलांचे, काकांचे हात बघा. उघडे असतील तर मोजे आणून द्या. त्यांनी "मला थंडी वाजत नाही" म्हटलं, तरी ऐकू नका.

आम्ही शेवटी हातमोज्यांचे दोन जोड घेतले, एक त्याला, एक मला. आता स्कूटर सुरू करण्याआधी तो मागून विचारतो, "बाबा, मूठ वळतेय का?" मी वळवून दाखवतो. मग आम्ही निघतो.

– एक पालक, कोलकाता