एका पीसीत तीन भाषा

परवा बारामतीत एका ओळखीच्यांच्या ऑफिसात गेलो होतो. तिथला तरुण पोरगा प्रत्येक पीसीवर आयपीव्ही६ समोरची टिक काढत बसला होता. "काका, आपल्याला लागतच नाही, कशाला ठेवायचं?" मी लगेच काही बोललो नाही. हाच शहाणपणा मी एकदा करून बसलो होतो..

साल १९९९. इंदापूर तालुक्यातली एक पतसंस्था. हिशेब फॉक्सप्रोमध्ये, तो जुन्या नॉव्हेल नेटवेअर सर्व्हरवर. टेबलांवर मात्र नवे कोरे विंडोज ९८. सर्व्हरशी बोलायला आयपीएक्स, एकमेकांचा प्रिंटर वापरायला नेटबीयुई आणि मोडेमवरून इंटरनेटला टीसीपी/आयपी. एका पीसीत तीन भाषा! मला तो पसारा वाटला. टीसीपी/आयपी साऱ्या जगाची भाषा, मग बाकीच्या कशाला? संध्याकाळी दोन्ही काढून टाकल्या. प्रिंटर चालला, इंटरनेट चाललं. सर्व्हर तपासलाच नाही आणि शेवटच्या एसटीने बारामतीला परतलो.

दुसऱ्या दिवशी बाजार. पैसे काढायला दारात रांग आणि एकाही खात्याची शिल्लक दिसेना. सर्व्हरला आयपीएक्सवाचून दुसरं काही कळतच नव्हतं. मी पोचेपर्यंत अकरा वाजले होते. लेकीच्या बाळंतपणासाठी पैसे न्यायला आलेली एक आजी पायरीवर बसून होती. जुने क्लार्क एवढंच म्हणाले, "बाबा, चालू होतं तेच बंद केलंस होय?" आजही आठवलं की मान खाली जाते.

नंतर आणखी एक गोष्ट कळली. फाइल शेअरिंग टीसीपी/आयपीला जोडलेलं ठेवून मोडेम लावला, की आपलं फोल्डर बाहेरच्यालाही दिसू शकतं. नेटबीयुई राउटर ओलांडूच शकत नाही. म्हणून शेअरिंग फक्त त्याच्यावर ठेवणं हेच शहाणपणाचं होतं. ज्याला मी अडगळ म्हणालो, ते घराचं दार होतं.

म्हणजे सगळंच कायम ठेवावं का? मुळीच नाही. प्रत्येक प्रोटोकॉल तारेवर आपापला गोंगाट करतो. विंडोजमध्ये तर नेटवर्कमधल्या पीसींची यादी ठेवणारा कारभारी प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळा निवडला जायचा. म्हणून एका पीसीला शेजारचा दिसे, दुसऱ्याला तोच दिसत नसे. माझं म्हणणं इतकंच, की काढण्याआधी त्या भाषेत कोण कोणाशी बोलतंय ते कागदावर लिहावं. गळीत हंगामात बैलगाडी आणि ट्रॅक्टर एकाच रस्त्याने जातात ना? ट्रॅक्टर आला म्हणून कोणी भरली बैलगाडी रस्त्यातच सोडून देत नाही.

आजही तेच चालू आहे. आयपीव्ही४ चे पत्ते सुमारे ४२९ कोटी, त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आयपीव्ही६ आलं, पण दोन्ही एकाच पीसीत शेजारी शेजारी नांदताहेत. आयपीव्ही६ बंद करू नका, असं मायक्रोसॉफ्टही सांगते. फारच अडचण आली तर आयपीव्ही४ ला आधी मान द्या म्हणते.

असो. चहा पिताना त्या पोराला आजीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "काढायचं तर काढ. पण आधी दारात कोण उभं आहे ते बघ." टिका परत लावल्या की नाही, ते मी विचारलं नाही.