कंबरदुखी : केवळ कमजोरी नव्हे



लावणीच्या हंगामात कट्टा परिसरात बळावणारी कंबरदुखी निव्वळ स्नायूंच्या कमजोरीवर ढकलणारे मागील अंकातील पत्र अर्धेच सत्य सांगते. निरोगी माणूस पूर्ण वाकला की कण्यालगतचे स्नायू जवळजवळ शिथिल होतात, हे फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये सविस्तर मांडले. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत मात्र ते वाकल्यावरही ताणलेलेच राहतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांना अशा रुग्णांत, हात झटकन हलवताना, पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू उशिरा आकुंचन पावताना आढळला. म्हणजे दोष बळाइतकाच वेळेचा आणि समन्वयाचाही असू शकतो. तेव्हा पट्टा आवळून महिनाभर निजून राहण्याचा, तोही ऐन लावणीत, त्या पत्रात दिलेला सल्ला अस्थानी ठरतो. साध्या कंबरदुखीत झेपेल तसे चालतेफिरते राहावे. लघवीवरील ताबा सुटल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

— एक वाचक, कट्टा (ता. मालवण)