आझ्झुर्रोला पंक्तीबाहेर कोणीं बसविलें?

१९६९ सालीं बर्लिन व के या पंडितद्वयानें मूलभूत रंगनामांची पंगत अकरा पानांची ठरविली. इंग्रजी 'पिंक'ला तींत पाट मिळाला. तरीहि इटालियन 'आझ्झुर्रो' म्हणजे 'ब्लू'चीच फिकट छटा, असें सांगून त्याला उठविणारे विद्वान् आहेतच! हा न्याय कोठला? पिंक ही तरी तांबड्याची फिकट छटाच ना?

गडद तो ब्लू, निरभ्र आकाशाचा तो आझ्झुर्रो. बहुतेक इटालियन माणसें दोहोंस एका नांवाखालीं घालणार नाहींत. (त्याहून फिकट 'चेलेस्ते' तो निराळाच.) शिवाय ब्लू हा फ्रेंचांकडून मागाहून आलेला पाहुणा, आझ्झुर्रो घरचा जुना. १९११ पासून इटलीचा फुटबॉल-संघ या रंगाचा सदरा घालतो, म्हणून खेळाडू 'आझ्झुर्री'. त्यांना 'ब्लू' म्हणावें, तर तो फ्रान्सचा संघ झाला!