पॅनेलपुढच्या माणसाला शिकवा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई थांबली. कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० केव्ही वीजवाहिन्यांनी दगा दिला आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी त्यामागे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी तो फेटाळून मानवी चुकीवर बोट ठेवले. दोघांपैकी कोणाचेही खरे धरले, तरी पुढचा प्रश्न एकच उरतो. नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला आपण नेमके काय शिकवले आहे?

हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडला जितका लागू आहे तितका मंत्रालयालाही नसेल. मुंबईच्या सात तलावांतील एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसात असतो. तानसाही शहापूर तालुक्यातच. चोंढ्याला घाटघर उदंचन प्रकल्पाचे २५० मेगावॉटचे भूमिगत वीजगृह आहे. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाची वाहने कसाऱ्यानजीकच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून धावतात. तिथली हवा खेळती ठेवणे आणि आग विझवणे हेही यंत्रणेच्याच भरवशावर. माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्यात मात्र पावसात दिवे गेले तर त्याची बातमीही होत नाही, आणि धरणांच्या शहापुरात उन्हाळ्यात टँकर फिरतात. महानगराला जगवणारी यंत्रे इथे, ती राखणारी माणसेही इथलीच, अनेकदा कंत्राटदाराच्या पगारावरची. सायबर सुरक्षेच्या परिषदा मात्र पंचतारांकित हॉटेलांत भरतात.

‘आमच्या आडगावच्या पंपावर कोण हल्ला करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये ब्रेमांगर इथल्या एका लहान धरणाची झडप कोणीतरी दुरूनच उघडली. सुमारे चार तास सेकंदाला ५०० लिटर जादा पाणी वाहत राहिले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने रशियासमर्थकांकडे बोट दाखवले. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेतील अलिक्विपा या छोट्या शहराच्या पाणीपुरवठ्यात इराणशी संबंधित टोळी घुसली. तिथे वापरलेल्या बनावटीच्या नियंत्रकांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड होता ‘११११’, म्हणजे चार वेळा एक, तो तसाच ठेवू नका, असे अमेरिकी यंत्रणांना नंतर बजावून सांगावे लागले. अलिक्विपा कुठे आहे हे त्या टोळीला ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. इंटरनेटवर उघडी पडलेली यंत्रे हुडकता येतात, आणि त्यात शहर-खेडे असा भेद नसतो.

प्राथमिक प्रशिक्षण म्हणजे सिनेमातल्या हॅकरच्या गोष्टी नव्हेत. कार्यालयातला संगणक संशय येताच बंद करता येतो. चालता पंप किंवा फिरते टर्बाइन तसे बंद करता येत नाही. म्हणून इथले धडे वेगळे. कोणाचाही पेन ड्राइव्ह पॅनेलच्या संगणकाला लावायचा नाही. कंपनीचा इंजिनियर पुण्यात बसून यंत्राला जोडला गेला असेल, तर काम संपल्यावर ती वाट बंद झाली का, हे पाहायचे. पडद्यावरची पाण्याची पातळी आणि धरणावरच्या मोजपट्टीवरची पातळी जुळते का, हे डोळ्यांनी ताडायचे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रामने इराणच्या नतान्झ प्रकल्पात हीच चलाखी केली होती. यंत्रे बिघडत होती आणि पडदा सारे आलबेल दाखवत होता. शिवाय, काही विपरीत दिसले तर फोन कोणाला करायचा? ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे, पण रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते नावच माहीत नसेल, तर नियम दिल्लीतच राहील.

आणि हाताने यंत्र चालवण्याचा सराव. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. कर्मचारी उपकेंद्रांवर धावले, ब्रेकर हाताने जोडले आणि काही तासांत दिवे आले. अलिक्विपातही पंप हातानेच चालवावे लागले. स्वयंचलनाच्या हौसेत जुन्या वायरमनला आपण अडगळीत टाकतो, हे म्हणूनच घातक आहे. त्याच्याकडचे ज्ञान निवृत्तीआधी टिपून घेणे हाही सायबर सुरक्षेचाच भाग आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात प्रशिक्षणाचा आग्रह आहे. तोच आग्रह जलसंपदा विभाग, महापालिका आणि एमआयडीसी यांनी पाण्यासाठी धरावा, आणि शिकवणे मराठीतून व्हावे. इंग्रजी स्लाइडपुढे मान डोलावून मिळवलेल्या प्रमाणपत्राने धरण सुरक्षित होत नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाही नको. मुरबाड-शहापूरच्या आयटीआयमध्ये एक पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक), एक लहान पंप आणि पाण्याची टाकी मांडली तरी दोन दिवसांत पुष्कळ शिकवता येईल. खर्चाची सबब कोणी सांगू नये. देखभालीच्या पुढच्या निविदेत एकच अट घाला: हे प्रशिक्षण न घेतलेला माणूस पॅनेलवर बसवला, तर त्या महिन्याचे कंत्राटदाराचे बिल अडेल.