बैलजोडी कोणाची?

निवडणूक चिन्ह ही पक्षाची मालमत्ता की मतदाराची सोय, हा प्रश्न प्रत्येक पक्षफुटीच्या वेळी नव्याने उपस्थित होतो. त्याचा विचार करताना काँग्रेसच्या पहिल्या चिन्हाचा, म्हणजे जू वाहणाऱ्या बैलजोडीचा, इतिहास उद्बोधक ठरतो.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार १७ कोटींहून अधिक होते. साक्षरता मात्र शेकडा १८ च्या आसपास. नाव वाचता न येणाऱ्यालाही आपला अधिकार बजावता यावा, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले. कृषिप्रधान देशात बैलजोडी ओळखण्यास अक्षरज्ञान लागत नव्हते. चिन्ह जन्मास आले ते मतदारासाठी. पक्षाच्या वैभवासाठी नव्हे.

१९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि दोन्ही गटांनी बैलजोडीवर हक्क सांगितला. जानेवारी १९७१ मध्ये निवडणूक आयोगाने जगजीवनराम अध्यक्ष असलेल्या, इंदिरा गांधींच्या गटाला मूळ काँग्रेस ठरविले. तथापि वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्याने मार्चच्या लोकसभा निवडणुकीत बैलजोडी कोणालाच लाभली नाही. इंदिरा गांधींचा गट गाय-वासरू घेऊन, तर संघटना काँग्रेस चरखा चालविणारी स्त्री घेऊन लोकांपुढे गेली. गाय-वासराला ३५२ जागा मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने सादिक अली खटल्यात बहुमताची कसोटी ग्राह्य धरली खरी. परंतु जनतेने आपला निवाडा त्यापूर्वीच दिला होता.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि २०२४ मध्ये घड्याळ एकेका गटाकडे गेले, ते प्रामुख्याने विधिमंडळ पक्षातील बहुमताच्या आधारावर. परंतु हे लोकप्रतिनिधी त्याच चिन्हावर निवडून आलेले होते. मतदाराने ज्या खुणेवर विश्वास टाकला, तिचा वारसा ठरविताना त्याचेच मत विचारले गेले नाही.

चिन्ह गोठविल्याने खऱ्या वारसावर अन्याय होतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ती गैरसोय दोन्ही गटांना समान असते आणि ती एका निवडणुकीपुरतीच टिकते. म्हणून फुटीनंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत वादग्रस्त चिन्ह कोणासही न देता दोन्ही गटांना नवी चिन्हे द्यावीत, हाच न्याय्य मार्ग होय. चिन्ह बदलले तरी मतदार गोंधळत नाही, हे १९७१ साली सिद्ध झाले आहे. निरक्षर मतदारावर जो विश्वास तेव्हा टाकता आला, तो आजच्या साक्षर मतदारावर टाकण्यास संकोच का वाटावा?