पाकिटावरचा पत्ता

बालमित्रांनो,

तुमच्या वहीतली चिठ्ठी कुणी न विचारता वाचली, तर राग येतो ना? चिठ्ठीत वाईट काही नसतं, पण ती तुमची असते.

समजा, रिसोडहून तुम्ही कारंज्याच्या मावशीला बंद पाकीट पाठवलंत. पोस्टमनकाकांनी ते उघडलं नाही. तरी पत्त्यावरून आणि शिक्क्यावरून कुणाला, कुठून, केव्हा पाठवलं हे कळतंच. फोनचंही तसंच आहे. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरजवळून फोन झाला, याची नोंद कंपनीकडे राहते. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं ही नोंद किमान २ वर्षं ठेवायला सांगितलं.

नुसत्या नोंदीत काय असतं म्हणता? बघा हं. रात्री २ वाजता वाशीमच्या दवाखान्याला फोन. लगेच मामाला. पहाटे पुण्याच्या दादाला. एक शब्दही ऐकला नाही, तरी घरात कुणीतरी आजारी आहे हे तुम्ही ओळखलंत!

चोर किंवा मुलं पळवणारे पकडायला पोलिसांना अशा नोंदी लागतात, हे खरंच. पण त्याला मर्यादा हवी. बोलणं ऐकायचं तर गृहसचिवांचा आदेश लागतो. तो तपासणारी समितीही सरकारी सचिवांचीच; त्यात न्यायाधीश नसतात. म्हणूनच न्यायालयाचे शब्द मोलाचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षेला धोका नसताना ते दिले होते, म्हणून ध्वनिमुद्रणही नष्ट करायला लावलं.

कुणी म्हणेल, "आपण चोरी केली नाही, मग भीती कशाची?" अहो, आंघोळीला जाताना आपण कडी लावतो, ती काय चोर म्हणून?

आता गृहपाठ. आईबाबांना विचारून घरच्या मोबाईलमधली एका दिवसाची फोनची यादी बघा. अनोळखी माणसाला त्यावरून तुमच्या घराबद्दल काय काय कळेल, ते लिहून काढा.

आणि पालकहो, मुलांची डायरी उघडण्याआधी त्यांना विचाराल ना? हक्काचा पहिला धडा घरातच मिळतो.

तुमची,
बाई